डाव्या पायाखालचा ठोकळा

(हॅमट्रॅमिक, मोटारकारखान्यांचं गाव. चर्चमागच्या पटांगणात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन, सकाळची वेळ. जांभळ्या चॅलेंजर गाडीपुढे माहितीचा फलक. त्याच्यासमोर इरेना वोयचिक आणि तिचा मुलगा रोमन.)

इरेना: पुन्हा वाच. मोठ्यानं वाच.

रोमन: आई, हळू. परीक्षक पलीकडच्याच गाडीपाशी आहेत.

इरेना: ऐकू देत त्यांनाही. वाच म्हटलं ना!

रोमन: 'डॉज चॅलेंजर आर/टी, १९७०. चारशे चाळीस घनइंचांचं इंजिन, तीन कार्ब्युरेटर, तीनशे नव्वद अश्वशक्ती. चार गिअर, पिस्तुलाच्या मुठीसारखा गिअरदांडा. रेडिओ नाही...'

इरेना: का नाही रेडिओ?

रोमन: बाबांनी घेतला नाही. ते सांगायचे की, इंजिन गात असताना...

इरेना: ...दुसरं गाणं कशाला! माझं वाक्य आहे ते, रोमन. विक्रेत्याच्या टेबलाशी मी म्हणाले होते. त्याच्या हातातलं पेन पडलं होतं ऐकून. पुढं वाच. शेवटची ओळ.

रोमन: 'पहिले आणि एकमेव मालक व चालक: लेऑन वोयचिक.'

इरेना: चालक! तुझा बाप!

रोमन: कागद त्यांच्या नावावर आहेत. सही त्यांची आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय.

इरेना: सही त्याचीच आहे. मी बावीस वर्षांची, बिनलग्नाची. दोन वर्षं कारखान्यात सीटा शिवल्या, बोटांची चाळण झाली, आणि तो विक्रेता म्हणतो, पुरुषाची सही आणा. माझ्या बापानं हाकलून दिलं. लेऑनशी माझं नुसतं ठरलं होतं. तो आला, सही केली, टोपी घालून बाहेर जाऊन उभा राहिला. गाडीत काय काय हवं त्या यादीतली बाकी एकेक खूण माझ्या हातची. हा रंगसुद्धा. 'जत्रेतलं खेळणं दिसेल,' म्हणाला होता तो.

रोमन: आणि वुडवर्ड रस्त्यावरची शर्यत? ती निळी मस्टँग? पायरीवर बसून शंभरदा सांगितलंय त्यांनी मला!

इरेना: शर्यत झाली. मस्टँग मागं पडली. तुझा बाप माझ्या शेजारी होता, दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून, डोळे गच्च मिटून. आपण जिंकलो हे मीच त्याला सांगितलं.

रोमन: मग तू गप्प का बसलीस? तिथंच तर असायचीस! कॉफी आणून द्यायचीस, हसायचीस!

इरेना: बसले गप्प. चुकलेच. तू पोटात आलास, डॉक्टर म्हणाले क्लच नको. ताडपत्री गाडीवर पडली आणि गाडीबरोबर माझ्यावरही. तो सांगायचा रंगून, दिवा लागल्यासारखा दिसायचा. म्हटलं, घेऊ दे श्रेय. पण बोललेलं वाऱ्यावर जातं रे. तू छापलंस!

रोमन: सहा वर्षं खपलोय मी हिच्यासाठी! प्रत्येक स्क्रू हातानं पुसलाय, बाबांच्या आठवणीसाठी. आणि आज, इथं, तू मला सांगतेस माझा बाप खोटारडा होता?

इरेना: खोटारडा म्हणायचं नाही! माझा नवरा होता तो. राग मला त्याचा नाही, तुझा आलाय. प्रत्येक स्क्रू पुसलास म्हणे. त्या मागच्या चाकाखाली काय सारलंयस?

रोमन: ते? लाकडाचा ठोकळा. क्लचच्या पेडलवर बांधलेला होता, चामडी पट्ट्यांनी. कारखान्याचा नाही, गुण कापतात, म्हणून काढला.

इरेना: तुझा बाप किती उंच होता?

रोमन: सहा फूट दोन.

इरेना: आणि मी? बोल की. अश्वशक्ती तोंडपाठ, घनइंच तोंडपाठ. सहा फुटी माणसाला क्लचवर ठोकळा कशाला लागत असेल, हे सहा वर्षांत एकदाही डोक्यात आलं नाही?

रोमन: मला वाटलं... नाही. नाही आलं.

परीक्षक: नमस्कार, मी ऑर्विल प्रुइट. वोयचिक ना? रंग अगदी बरोबर जमलाय. सीटच्या स्प्रिंगांत खोचलेला गाडीच्या जोडणीचा कारखान्याचा कागदही जपलाय म्हणे. वा. आता सुरू करा आणि त्या खांबापर्यंत नेऊन आणा.

रोमन: हो साहेब, मी...

इरेना: हँडब्रेक ओढ. ठोकळा काढून दे इकडे.

रोमन: आई, तू पन्नास वर्षांत हात लावला नाहीस हिला!

इरेना: एकोणपन्नास. दे.

परीक्षक: बाई, तो पेडलवर राहणार असेल तर दोन गुण जातील. मूळ गाडीत तो नव्हता.

इरेना: मूळ गाडीत मी होते. कापा तुमचे दोन गुण.

रोमन: ...आण, मी बांधतो. उभा की आडवा?

इरेना: आडवा. आवळ अजून. कुजलेला नाही पट्टा, घाबरू नकोस. हां.

रोमन: साहेब, पेन देता जरा?

परीक्षक: फलकावर खाडाखोड चालत नाही हो. बरं... घ्या.

इरेना: मालक आणि चालक, दोन्हींपुढचं त्याचं नाव खोड. माझ्या नावाचं स्पेलिंग नीट लिही.

रोमन: लिहिलं. जा, मी इथं उभा राहतो.

इरेना: उभा कशाला? त्या बाजूनं बस. तुझ्या बापाची जागा आहे ती.

रोमन: मग मीही डोळे मिटू?

इरेना: नको. तू उघडे ठेव.