देवतळ्यातली कुंकवी

मी येसूबाई भ्रतार लवू गुरव, वय अदमासे पन्नास, धंदा देवळाची झाडलोट, राहणार मौजे कोंडतळे, तालुका चिपळूण. आज ता. ९ एप्रिल सन १९३४ रोजी ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की,

आमच्या देवळापुढच्या तळ्यात कुंकवी नावाचा बोटभर मासा आहे. त्याच्या कपाळावर तांबडा ठिपका असतो. माहेरचे नि सासरचे सगळे ओहोळ मी पायाखाली घातले, पण हा मासा दुसरीकडे दिसला नाही. तो देवाचा म्हणून गावात कोणी धरीत नाही.

उन्हाळ्यात तळे हाताने उपसून गाळ काढतात. देवाच्या पायरीकडचा कोपरा तेवढा राखतात, तिथे मासे तगतात. यंदा मुंबईकर मंडळींनी पाणी खेचायचे इंजिन आणले. मानकरी धोंडू यांच्या सांगण्यावरून माझ्या नवऱ्याने देवाला कौल लावला, तळे उपसू काय? उजवे फूल पडले, म्हणजे होकार. माशांचे कोणी विचारलेच नाही. न विचारलेल्याचे उत्तर देव कशाला देईल?

आज सकाळी कोपराही आटला. मासे चिखलात तोंड वासू लागले. मला बघवेना. मी मानकऱ्यांना म्हटले, "भावजी, इंजिन थांबवा, मासं मरतायत." ते म्हणाले, "वयनी, देवान कौल दिलान हाय. तू मदी कोन?" माझा नवरा शेजारी उभा होता.

मी हाती लागले तेवढे मासे हंड्यात घेऊन माहेरच्या तळ्याकडे निघाले. वेशीवर मला धरले. देवाचे मासे चोरून खायला नेत होते, असे फिर्यादीत आहे. कालवणाच्या माशाला कोणी डोक्यावरून पाणी वाहते काय?

हंडा मुद्देमाल म्हणून जप्त करून तोंडाला फडके बांधले, वर लाखेचे सील केले. मघापर्यंत आत फडफड ऐकू येत होती. आता येत नाही. माझा जीव थाऱ्यावर नाही. गावाने वाळीत टाकले तर टाको. मासे ठाण्याच्या विहिरीत सोडावेत. हवी तर विहीर मुद्देमालात धरा.

हा मजकूर मला वाचून दाखवला, मी बोलले तसाच आहे. हंडा उघडल्याशिवाय अंगठा देणार नाही म्हटल्यावरून जमादारसाहेबांनी पंचांसमक्ष सील फोडले. काही मासे उलटे झाले होते. बाकीचे मी माझ्या हाताने विहिरीत सोडले. हात ओला होता, म्हणून ठसा फिसकटला आहे. तो माझाच आहे.