काळ्या सड्यावरची स्वस्तातली गाडी

ऐका गं बायांनो, झिम्मा पुरे आता. बसा जरा. पिंडीपुढच्या समईची वात तेवढी पुढं सारा, काजळलीय. हरतालिकेची रात्र, झोपायचं नाही, पोटात पाण्याचा थेंब नाही. निदान कानांना तरी काही मिळू दे.

आणि सुनंदा, तू पुढं ये. तुझ्यासाठीच सांगतेय. मघाशी म्हणालीस ना, तुझा प्रकाश धारेवाडीला गेलाय, ती डोंगरात उड्या मारायची मोटरसायकल घ्यायला? जुनी आहे, स्वस्तात मिळतेय, रात्री मावशीकडं राहून सकाळी घेऊन येईल? गाडीचा फोटो नंतर दाखव, बाई. माझा चष्मा आत देव्हाऱ्यापाशी राहिलाय. आधी ऐक.

बावीस वर्षं झाली ह्याला. आमचे हे, केरबा गवंडी, तुम्हाला काय सांगायचं! वीट घेतील ती वाजवून. वाळू घेतील ती मुठीत चोळून. भिंतीला केसाएवढा बाक असला तरी ओळंबा लावून पाडायला लावतील. असा माणूस. तर एकदा बांधकामाच्या परांचीवरून पडले. मांडीचं हाड मोडलं. सहा महिने खाटेवर. डॉक्टर म्हणाले, चालतील असं सांगवत नाही.

मी धारेवाडीच्या धारजाईला नवस बोलले. आई, ह्यांना पायांवर उभं कर. आम्ही दोघं अनवाणी तुझ्या दारी येऊ आणि अनवाणीच घरी जाऊ. येऊन-जाऊन, बरं का. नीट ध्यानात ठेवा. येऊन-जाऊन.

देवी पावली! मार्गशीर्षात हे काठी टाकून चालायला लागले. पहाटे निघालो आम्ही, डांबरी रस्त्यानं, बसत-उठत, तीन कोस. दुपारी धारेवाडीला पोचलो. ओटीला रांग मोठी होती. हे म्हणाले, "तू जा आत, मी पिंपळाखाली बसतो." बसा म्हटलं. तेवढंच चुकलं माझं.

बाहेर येऊन बघते तर हे बसलेत एका गाडीवर! गाडी कसली, अंगावर येणारा घोडा. उंच. पुढचं मडगार्ड आभाळाकडं. चाकाला ह्या एवढाल्या खाचा, नांगरल्यासारख्या.

"हे काय?"

"गाडी."

"कुणाची?"

"आपली."

बायांनो, मी त्या गाडीभोवती एक फेरी मारली. म्हटलं, "हिचा दिवा कुठाय?"

"असल्या गाडीला दिवा नसतो."

"भोंगा?"

"नसतो."

"उभी करायचा स्टँड?"

"डोंगरात कशाला पाहिजे स्टँड?"

"कागद तरी?"

"तो माणूस देणाराय की. पुढच्या आठवड्यात."

"अहो, मग ह्या गाडीला आहे तरी काय?"

"पळ आहे!" म्हणाले. "आणि एवढ्या स्वस्तात कोण देतंय?"

(काय हो? जागे आहात होय? आतून खोकताय ते कळतंय मला. "दिवा होता, फुटका होता" म्हणे. बरं. फुटका दिवा होता. झोपा आता.)

विकणारा माणूस कसा होता? डोक्यापासून हनुवटीपर्यंत मफलर. तोंड धड दिसेना. ह्यांनी खिशात होतं नव्हतं ते दिलं, वर मनगटावरचं घड्याळ दिलं. वीट वाजवून घेणारा माणूस! गाडीवर एक टिचकी मारली नाही. ती कुणाची, का विकतोय, काही विचारलं नाही. मी विचारायला वळले, तर पिंपळाखाली कुणी नाही.

"आणि नवसाचं काय?" म्हटलं. "अनवाणी घरी जायचंय."

"अनवाणीच आहे की मी. अनवाणी गाडीवर बसतो. देवीला एवढं काय कळतंय?"

देवीनं पाय दिले आणि ह्यांनी दोन तासांत त्यांना चाकं लावली.

बरं, ती गाडी सुरू व्हावी ना! किक मारली की उलटी यायची, ती ह्यांच्या अनवाण्या घोट्यावर. ओय! परत मारायची. ओय! खालून पेट्रोल ठिबकतंय. देवळाबाहेरचे फुलवाले हसतायत. मी तीन वेळा म्हटलं, राहू द्या, चालू. पण नाही. मार्गशीर्षातला दिवस तो, बघता बघता मावळला. अंधार पडला आणि गाडी सुरू झाली. अंधार पडल्यावरच झाली, हं. त्याच्या आधी नाही.

उजेडाला पिशवीतली बॅटरी होती. ती हँडलला बांधायला दोरी नाही. तर ह्यांनी काय करावं? ओटीतला देवीचा हिरवा खण होता, त्याची पट्टी फाडली! माझ्या जिवाचं पाणी झालं. "आई, क्षमा कर गं," म्हटलं, आणि गाठ मीच मारली, आमची निरगाठ, नवसाच्या दोऱ्याला मारतो ती. ह्यांची गाठ कधी टिकलीय?

बसले मागं, एका अंगाला. पाय ठेवायला जागाच नाही त्या गाडीला. एकट्यानं बसायची ती. पाय लोंबतायत माझे, पदर दातात धरलाय, तोंडात जप.

फाट्यावर आलो. डावीकडं डांबरी, आपल्या घराकडं. उजवीकडं काळा सडा. तुम्हाला माहीत आहे, नुसता सपाट कातळ, झाड नाही, घर नाही, आणि टोकाला कडा. कडा म्हणजे सरळ खाली दरी. गाडी उजवीकडं वळली.

"अहो, इकडं कुठं?"

"मी नाही वळवली."

"मग काय मी वळवली?"

"जवळचा रस्ता असंल," म्हणाले. गाडीला रस्ता माहीत असतो होय! पण स्वस्तातल्या वस्तूचं असंच असतं. एकदा घेतली की तिची प्रत्येक खोड माणूस गुण म्हणून सांगत सुटतो.

थोडं पुढं गेलो आणि मला बरं वाटायला लागलं. पाय दुखायचे थांबले. का थांबले? पायांखाली काहीतरी आलं होतं. छान, रुंद. मी तळवे ठेवले, टेकून बसले, म्हटलं आहे बाई पाय ठेवायला पायटा, उगाच नावं ठेवली.

मग सड्याच्या मध्यावर गाडी बंद पडली. फट्‌ फट्‌ फट्‌, गप्प. वारा तेवढा. लांब पवनचक्क्यांचे लाल दिवे. आणि बायांनो, गाडी उभी! ह्यांचे पाय वर, माझे पाय वर, स्टँड नाही, आणि गाडी सरळ उभी. ओळंब्यात!

हे खूश. "बघ, कसा तोल आहे!"

म्हटलं, "अहो, कुणी धरलीय ही गाडी?"

तेवढ्यात ती आपली आपण सुरू झाली. किक नाही, काही नाही. आणि सुसाट! मी ओरडतेय, हळू, हळू! हे आणखी पळवतायत. शेवटी मी पाठीत बुक्की घातली. "कानात बोळे घातलेत का? हळू चालवा!"

"आता हळू म्हणतीस? तूच मघापासनं म्हणतीयस, जोरात चला, जोरात चला!"

"मी? मी जन्मात कधी म्हटलंय का तुम्हाला जोरात चला?"

मी कान टवकारले.

आणि मग ऐकलं मी. माझ्या मागून. मी शेवटी बसलेले, माझ्या मागं गाडी संपली, आणि तिथून माझ्याच आवाजात, माझ्याच गोडीनं, "अहो, जोरात चला ना."

ह्यांनी ब्रेक दाबला. नाही. बंद करायचं बटण दाबलं. नाही. पुढं बॅटरीच्या उजेडात कातळ दिसायचा, कातळ, कातळ, आणि मग नुसता काळोख. कडा! मी उडी मारायला पाय ओढला, तर सुटेना. खाली बघितलं. पायटा नव्हता तो. दोन हात होते. पांढरे, ओले. माझे तळवे झेलून धरलेले, आणि बोटं घोट्यांभोवती आवळत चाललेली.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. अगं, हा जो कोण धरून बसलाय तो आपल्याला पाडत नाहीये. हा आपले पाय जमिनीला लागू देत नाहीये! आणि आपण नवस काय बोललो होतो? जमिनीवरनं, अनवाणी, येऊन-जाऊन.

"आई धारजाई!" म्हटलं. "अर्धा नवस राहिलाय, तो फेडायला तरी पाय सोडव!" आणि होता नव्हता तेवढा जीव टाचेत आणून हाणली लाथ. पाय सुटला. जोडवं कातळावर घासलं, ठिणगी उडाली. "पाय टेका! अहो, पाय टेका!"

ह्यांनी तोच टेकला, मोडका! खर्र्‌कन्‌ फरफटत गेलो आणि आपटलो दोघं. गाडी पुढं गेली. वर कुणी नाही, आणि ती पुढं गेली. उजेड हलत हलत कड्यावरून पलीकडं गेला. पडल्याचा आवाज नाही आला. आवाज आला तो वेगळाच. एका तरण्या पोराचा, खेळात हरल्यासारखा, वैतागलेला: "टेकला! परत टेकला!"

ह्यांच्या मोडक्या पायाला खरचटलंसुद्धा नव्हतं. आम्ही तसेच फाट्यावर परत आलो आणि घरापर्यंत चाललो, अनवाणी. वाटेत एक शब्द बोलले नाहीत हे. संसारात पहिल्यांदाच.

फाट्यावर एक धनगरबाबा मेंढरं घेऊन बसला होता, त्यानं सांगितलं. एका पोरानं असलीच गाडी घेतली होती, स्वस्तात, कुणाला न विचारता. मित्रांशी पैज लावली, पाय न टेकता काळा सडा पार करीन. कड्यापाशी पाय टेकायला हवा होता, तो टेकला नाही. "त्याची पैज अजून पुरी व्हायची हाय," बाबा म्हणाला. "एकट्यानं जमंना, म्हणून गाडी विकून दुसऱ्याला वर बसवतो."

पुढच्या मंगळवारी मी पेढे घेऊन देवीला गेले. पिंपळाखाली तीच गाडी. तोच मफलरवाला. कुणा भल्या माणसाला म्हणत होता, "न्या मालक, स्वस्तात आहे." हँडलला आमची बॅटरी. हिरवी पट्टी, माझी निरगाठ. मी त्या भल्या माणसाचा दंड धरून त्याला घरी धाडला. मफलरवाला होता कुठं मग!

हे बघा जोडवं. खाच आहे ना अजून? म्हणून सांगते, घरच्यांना सांगा, काळ्या सड्याची वाट धरू नका. दिवसा नको, रात्री नको. आणि स्वस्तात दिसलं म्हणून...

काय गं सुनंदा? अशी पांढरी का पडलीस? आण तो फोटो. चष्मा द्या गं कुणीतरी.

...

हँडलला ही पट्टी. विटलीय, पण खणच आहे. ही गाठ माझी.

फोन लाव. आत्ता लाव. माझ्या कानाला दे.

"प्रकाश? बाळा, मी अक्का. कुठं आहेस तू? ... निघालास? रात्रीच? गाडीवर, काळ्या सड्यावर आहेस? ... काय म्हणतोस? सुनंदानं फोन कशाला केला, ती तर मागंच बसलीय?"

गप्प गं! रडू नका कुणी. त्याला ऐकू येऊ दे.

"प्रकाश, मागं वळून बघू नकोस. ती काय म्हणतेय तिकडं लक्ष देऊ नकोस. सुनंदा इथं माझ्यापाशी आहे, हरतालिकेला बसलीय तुझ्यासाठी. मी सांगते तेवढंच कर. पाय टेक. दोन्ही. कातळावर. विचारू नकोस, अरे शहाण्या, आधी टेक!"

...

...

"टेकले? पडलास? लागलं का? ... खरचटलं. खरचटू दे. गाडी? जाऊ दे ती गेली तिकडं, तिच्या मागं जाऊ नकोस. आता बूट काढ, हातात घे आणि माघारी फाट्याकडं चालायला लाग. तिथनं डांबरीनं ये. चालतच ये. पहाट होईल यायला. होऊ दे. आम्ही जाग्याच आहोत."