लेकीच्या ट्रॉलीची लाईट

आमचा बाप बैलगाडीनं ऊस वाहायचा, मोडनिंबाच्या अलीकडं आमची वस्ती, तितनं अकलूजच्या अंगाला कारखान्यावर. गाडीच्या आखाला कंदील बांधलेला असायचा, आन त्याची काच राखेनं घासायचं काम माझ्याकडं. काच जरा काळी ऱ्हायली की बाप म्हनायचा, मागच्याला दिसलं न्हाय तर तू येनार का आडवा पडायला? मग ट्रॅक्टर आलं, एकाच्या मागं दोन दोन ट्रॉल्या, माडीएवढा ऊस, आन मागं दिवा म्हनाल तर काय न्हाय. बैलगाडीला कंदील व्हता आन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला न्हाय, ही आमची सुधारना. लई तर एक लाल फडकं बांधायचं उसाच्या मोळीला, ते अंधारात कुनाला दिसतंय, भुताला?

शाळेत माझं काय बसलं न्हाय, म्हनून बापानं सोलापूरला मावशीकडं नेऊन टाकला. मावशीच्या घराजवळ एका उस्तादचं दुकान व्हतं, गाड्यांच्या वायरिंगचं. मानूस लई तापट, पन हात सोन्याचा. मी पहिल्यांदा दिवा जोडला आन तो लागला न्हाय, तवा डोक्यात टपली मारून म्हनला, करंटकू जानेका रस्ता दिया, वापस आनेका कौन देगा रे, तेरा बाप? म्हंजे कसं हाय, बॅटरीतनं वायरीनं करंट दिव्याला गेला तर त्याला माघारी यायला लोखंड लागतं, गाडीचं अंग लागतं, त्याला आमी अर्थिंग म्हनतो. ते न्हाय मिळालं तर दिवा लागत न्हाय, न्हायतर मिणमिणतो. उस्तादची ती टपली मला अजून आठवती, आन काय सांगू तुमाला, गोड वाटती. आता कोन मारतंय टपली.

तितं शिकून मी मोडनिंबला आलो आन हायवेच्या कडंला पत्र्याचं दुकान टाकलं. दसरा जवळ आला की कारखान्याचा सीझन तोंडावर, आन ट्रॉल्यांची ही रांग लागायची. तवर ट्रॉल्यांना दिवे आलेले, पन दर वर्साला एकच तक्रार, आप्पा लाईट लागंना. लागंल कशी? खंडेनवमीला पूजा करायची म्हनून गड्यांनी ट्रॉली आख्खी ऑईलपेंटनं रंगवलेली असायची, हुक रंगवलेला, दिव्याची पट्टी रंगवलेली, वर हुकाच्या खिळीला वंजळभर ग्रीस. रंगातनं आन ग्रीसातनं करंट माघारी येतोय व्हय? मी कानस घेऊन तेवढा रंग खरडायचो, की मालक बोंबलायचा, आप्पा नवा रंग हाय की वो. मी म्हनायचो, देवाला रंग दाव, मागच्या ट्रकवाल्याला दिवा दाव.

ह्या कामाला दोन मानसं लागत्यात. एकानं ट्रॅक्टरवर बसून बटनं दाबायची, दुसऱ्यानं मागं उभं ऱ्हाऊन वरडायचं. मागं आमची रेखा असायची, थोरली लेक. शाळेतनं आली की दप्तर दुकानात फेकायचं आन ट्रॉलीच्या मागं जाऊन कंबरंवर हात ठिवून उभी. डावी लागली. उजवी न्हाय लागली. आप्पा बिरेक दाबा की, झोपलाव काय? सगळा रस्ता ऐकायचा. गिऱ्हाइकं हसायची, म्हनायची हे पोरगं हाय का फौजदार. लई बरे दिस व्हते ते. तिचं लगीन झालं, उजनीच्या पान्याकाठी दिली, आन मग मी बिरेकच्या पायडलवर वीट ठिवायला लागलो आन पळत मागं जाऊन बघायला लागलो. वीट काय बोलती व्हय? आमची ही म्हनायची, दुसरा गडी ठिवा. पन दुसरा ठिवला न्हाय मी. मला करमायचंच न्हाय.

आता ऐका. रेखाच्या घरी केळी हाईत, चांगला माल निघतो. जावई शेतात वाघ हाय, पन गाडीच्या स्टेरिंगला हात लावायचा म्हनलं की घाम फुटतो त्याला, म्हनून गाडी रेखाच चालवती. मागल्या वर्सी त्यांनी नवी पिकअप घेतली, आन माल जास्त असला की मागं घरची दोन चाकी ट्रॉली जोडायची, आन पहाटं अंधारात टेंभुर्णीवरनं, आमच्या मोडनिंबातनंच, सोलापूरच्या बाजाराला. ट्रॉलीला दिवा न्हाय, नुसती चकाकनारी पट्टी. एका पहाटं मागनं ट्रक आला आन त्यानं करकचून बिरेक मारला, वीतभर अंतर ऱ्हायलं. हे तिनं मला सांगितलं न्हाय, तिच्या आईला सांगितलं. मला दोन दिस जेवान गेलं न्हाय.

मग तीच गाडी घिऊन आली, म्हनली आप्पा, लाईट जोडून द्या. आन माझी पंचाईत. काय झालंय, ह्या नव्या गाड्यांत कॉम्प्युटर असतो, मी असल्या गाडीला कधी हात लावला न्हाय, सरळ सांगायचो, दुसरीकडं जा. मी तिला म्हनलो, शोरूमला दाव. ती म्हनली, ते म्हनत्यात ट्रॉली जोडूच नका, मग केळी काय डोक्यावर नेऊ? आमची ही आतनं म्हनली, लोकांच्या ट्रॉल्या जल्मभर उजळल्या, लेकीची आली की शोरूमला धाडताय व्हय. खरंच भ्या वाटत व्हतं मला. गाडी तिची, कष्ट तिचं, मी काय जाळून ठिवलं तर.

पहिल्यांदा मी ट्रॉलीला मागं दोन दिवे बसवले आन जुन्याच रीतीनं गाडीच्या मागच्या दिव्याच्या वायरीला जोड दिला. दिवा लागला, आन लगेच गेला, आन ड्रायव्हरच्या पुढ्यात बिघाडाची पिवळी बत्ती पेटली. म्हनलं खाल्ली गाडी. पटकन जोड सोडवला तशी ती बत्ती गेली, आन माझ्या जिवात जीव आला. मग सोलापूरला उस्तादच्या मुलाला फोन लावला, दुकान आता तो चालवतो. तो म्हनला, चाचा, गाडीच्या वायरीवर ट्रॉलीचा भार टाकू नका, तिचा कॉम्प्युटर जादा भार बघून लाईन बंद करतो. एक डबी मिळती, तिला करंट सरळ बॅटरीतनं द्यायचा, मदी फ्यूज घालायचा, गाडीच्या वायरीनं डबीला नुसता इशारा करायचा. लगेच एस्टीनं गेलो आन डबी आनली. त्यानं कागदावर चित्र काढून दिलं, चष्मा लावून बसलो आन जोडली.

रेखा गाडीत बसली, मी मागं गेलो. तिनं बटन दाबलं. पिवळी बत्ती काय पेटली न्हाय, पन दिवे मिणमिण, आन डावी साईड दिली की उजवी बी लुकलुकायची. मी हुकाकडं बघितलं आन हसूच आलं मला. लालभडक ऑईलपेंट, वर ग्रीस. म्हनलं बये, तू बी? ती म्हनली, आप्पा, दसऱ्याला पूजा केली की. एवढी वर्सं माझ्या दुकानात ऱ्हाऊन हीच चूक. मी रंग खरडला, वर माघारीची एक वायर येगळी टाकली, हुकावर भरवसाच नको. आन मग पेटलं बघा, झकास. तिनं बिरेक दाबला, मी वरडलो लागला, तिनं साईड दिली, मी वरडलो डावी लागली, आन मग वरडायचं ऱ्हायलंच, बाहीनं डोळं पुसत उभा ऱ्हायलो. ती आतनं म्हनती, आप्पा पुढचं सांगा की, काय झालं? म्हनलं, धूर गेला डोळ्यात. धूर कुटं व्हता तितं.

आता दुकान मी कमीच उघडतो, गुडघं दुखत्यात. पन बाजाराच्या दिशी पहाटं मी हायवेला च्याच्या टपरीपशी जाऊन उभा ऱ्हातो. तिची पिकअप येती, मागं ट्रॉली, दोन्ही दिवे लाल, पार पुलाच्या पल्याड जाईस्तवर दिसत्यात. देव तिला औक्ष देवो. ती मला बघत न्हाय, तिचं ध्यान रस्त्यावर असतं, तसंच पायजे. आन तुमी भेटलाव तिला तर हे सांगू नका. कळलं तर गाडी थांबवल, आन तिचा बाजार हुकल.