सतराशे चौऱ्याहत्तरात हरवलेली आई

अहो, आई हरवलीय म्हणतोय मी, आई! आणि तो हवालदार, डोक्यावर तिकोनी टोपी, हातात काठी... मला विचारतो कसा, "मातोश्री कोणत्या जहाजाने आल्या?" जहाजाने? होंडाने आल्या!

तुम्हाला सांगतो, आमच्या व्हर्जिनियात नदीकाठी इंग्रजी अमलातलं एक जुनं गाव उभं केलंय. तिथली पगारी माणसं सोंग घेऊन वावरतात, आणि एकदा सतराशे चौऱ्याहत्तर साल म्हटलं की सतराशे चौऱ्याहत्तर! एरवी मला कौतुक हो. पण माझी आई, विनिफ्रेड, हल्ली विसरते. गेल्या महिन्यात शेजारणीचं नावच विसरली. डॉक्टर म्हणाले, एकटं सोडू नका. आणि मी काय केलं? तिला बाकावर बसवून आल्याची बिस्किटं आणायला गेलो! परत येतो तर बाकावर नुसता तिचा फोन...

"फोन म्हणजे काय बुवा?" हवालदार. "आपण गव्हर्नरसाहेबांकडे अर्ज करा."

"कुठायत ते?"

"इंग्लंडात. पुढच्या जहाजाने येतील!"

धावत सभागृहात शिरलो. तिथे कायदेमंडळ भरलेलं. ओरडलो, माझी आई कुणी पाहिली का? तर विगवाला अध्यक्ष म्हणतो, "आपली जमीन किती एकर?" अहो, मी भाड्याच्या फ्लॅटात राहतो! "मग आपल्याला इथे बोलायचा हक्क नाही. बसा." बाहेर ती नदी, आई तिकडे गेली असली तर? आणि ह्यांचं आपलं सतराशे चौऱ्याहत्तर!

शेवटी गव्हर्नरच्या बंगल्यामागे, स्वयंपाकघरात गर्दी दिसली. घुसलो. चुलीपाशी आई! डोक्याला झालरीची पांढरी टोपी, मांडीवर सफरचंदं, सोलतेय, आणि लोक फोटो काढतायत. म्हटलं, "आई, ऊठ, घरी चल."

तिने वर पाहिलं.

"आपण कोण, साहेब? माझा मुलगा तर अजून जन्मायचाय."

टाळ्या! सगळे हसतायत, आणि मी गार. सोंग होतं का ते? की खरंच...? विचारू कुणाला? "आई, मी वेन्डेल!" तर म्हणते, "नाव छान आहे."

टोपी परत केली, हात धरून गाडीत बसवलं. चौकात उजवीकडे वळायला लागलो, तशी शेजारून आई कडाडली, "डावीकडे, गाढवा! लहानपणापासून तुला रस्ता म्हणून लक्षात राहत नाही!"

रडलो हो, भर सिग्नलवर! मागचे हॉर्न मारतायत, साठीचा घोडा मी, आणि आईने गाढव म्हटलं म्हणून रडतोय. मला ओळखलं तिने... आली एकदाची सतराशे चौऱ्याहत्तरातून बाहेर!

आणि घर? घर उजवीकडेच होतं हो. मी मुकाट्याने डावीकडे वळलो.