पवनचक्कीतली सोयरीक

आमचं घर गोल का, म्हणून विचारलंत ना? अहो, मूळची ती पवनचक्की. निजामाच्या काळात एका जहागीरदारानं दळणासाठी बांधलेली. पुढं शेजारच्या मुरूम गावात इंजिनाची गिरणी आली, दळण तिकडं गेलं, अन् चक्की चालवणारे आमचे आबा बायकापोरं घेऊन आतच राहायला लागले.

तिथंच माझ्या आत्याची सुपारी फुटायची होती. पानाचं तबक फिरलं अन् नेमकं नवरदेवाच्या चुलत्यांना पान शेवटी मिळालं. झालं! चुलते ताडकन उठले. "जिथं मान न्हाय तिथं सोयरीक न्हाय!" म्हणाले, अन् रुसून बसायला कोपरा हुडकीत भिंतीच्या कडंकडंनं निघाले. निघाले ते गोल फिरून पुन्हा तबकापुढंच!

हसायची कुणाची हिंमत होईना. आबा शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, ह्या घरात रुसायला कोपराच न्हाय. बसा, पान घ्या."

चुलत्यांनी पान तोंडात घातलं. चघळत चघळत म्हणाले, "मग करा पक्कं. असल्या घरातल्या पोरीला रुसायचं ठाऊकच नसणार."

आत्याला सासरी चार कोपऱ्यांचं घर मिळालं. तिनं एकही कोपरा रिकामा ठेवला न्हाय.