बंद चालू

कॉम्प्युटरवरच्या स्क्रिप्टच्या नावात मोकळी जागा सोडू नका, हे मी आता कुणालाही छातीठोकपणे सांगतो. आमचं अख्खं बुकिंग त्यापायी बसलं होतं.

मी कुडाळला घरून काम करतो, माझी सहकारी सुजाता फोंडाघाटहून. ऐन सीझनमध्ये आमच्या साइटवरचं मालवणच्या होमस्टेंचं बुकिंग अडखळायला लागलं. पुण्याहून आमचे सर म्हणाले, "सगळ्या सर्व्हरवर ती 'बंद चालू' स्क्रिप्ट चालवा, सगळं बंद होऊन पुन्हा सुरू होईल." सुजाताने तिच्या कॉम्प्युटरवरून हुकूम सोडला आणि बुकिंग पूर्णच बंद पडलं.

तिचा लगेच फोन आला. "मी बंद चालू सांगलंय, तेंनी नुसता बंद केल्यानी."

मला उलगडा झाला. सर्व्हरवर नुसती 'बंद' नावाचीही एक जुनी स्क्रिप्ट होती. "सर्व्हरान मोकळ्या जागेपर्यंतचाच नाव वाचल्यान," मी म्हणालो.

"अरे, पण अख्खा एकच नाव वाचूचा म्हणान मी ता अवतरणचिन्हांत घातलंय."

"ती चिन्हां तुझ्याच कॉम्प्युटरान खाल्ल्यान. थंय सर्व्हरार नाव उघडाच पोचला. आता अवतरणाच्या आत आणखी एक अवतरण घाल. भायरचा हयसाठी, आतला थंयसाठी."

तिने घातलं. चहा निवायच्या आत बुकिंग धावायला लागलं.

मग सरांचा फोन आला. आम्ही दोघंही लाइनवर होतो. सगळं ऐकून ते तडकले. "नावात जागा सोडायची अक्कल कुणाची?"

सुजाता शुद्ध ऑफिसच्या मराठीत म्हणाली, "सर, स्क्रिप्ट तुम्ही लिहिलेली आहे."



"बुकिंग सुरू आहे ना?" सरांनी विचारलं.

"हो सर."

"मग झालं तर."