सांध्यावरचा अंगठा

माननीय अध्यक्ष खुशालरावजी, हेडमास्तर केशवरावजी, आज ज्यांचा निरोप आहे ते महादेवराव मास्तर, समोरचे गुरुजन, बाया, आणि मागं दाराशी उभं राहून हे केव्हा आटोपते याची वाट पाहणारे सगळे, तुम्हाला माझा जयभीम आणि नमस्कार.

मी भागीरथा. शाळेच्या मागच्या वस्तीत राहते. दुसरीतच शाळा सुटली, ती आज साठीत थेट मंचावर चढले. पायरी एवढी उंच कोणाच्या गुडघ्यासाठी केली, ते केशवरावांनी कधीतरी सांगावं.

आतापर्यंत चार भाषणं झाली. चौघांनी मास्तरांच्या गणिताची तारीफ केली आणि चौघांनीही शेवटी म्हटलं, "एकदाच चुकलं, रॉकेटच्या वेळी." सगळे हसले. मास्तरही हसले. मी हसले नाही. म्हणूनच हात वर करून बोलायला मागितलं.

दिवाळीच्या दिवसांत मी आतषबाजीवाल्याकडे कागदाच्या नळ्या वळायची. हे ऐकून तीन वर्षांआधी मास्तर एका रविवारी माझ्या दारी आले.

"भागीरथाबाई, दोन टप्प्याचं रॉकेट कराचं हाय. नळी मजबूत पायजे."

"लगन कोनाचं हाय, मास्तर?"

"कोनाचंच नाई. वर जाते का नाई, थे पाहाचं हाय."

"वर जाऊन काय करन थे?"

"मंग खाली येईन."

मला माणूस पसंत पडला. त्या दिवशी माझ्या घरचा चहा पिऊन त्यांनी कप स्वतः विसळून ठेवला. वस्तीनं पाहिलं, आणि वस्तीच्या पलीकडच्यांनी जरा जास्तच पाहिलं.

काम काय होतं? एका नळीवर दुसरी बसवायची. खालची जळून संपली की तिच्याच आगीनं वरची पेटते आणि खालची गळून पडते. ऐकायला सोपं आहे. एकोणीस रविवार गेले त्यात. कधी वरची पेटलीच नाही, कधी दोन्ही गिरक्या घेत बाभळीत अडकल्या. मी ओट्यावर खळ शिजवायची, मास्तर लाकडाचे पातळ पंख घासत बसायचे. बोलणं फार नव्हतं. त्यांची बायको वारलेली, माझा नवरा देवमनही गेलेला. त्याबद्दल कोणी कोणाला विचारलं नाही. विचारून काय मेलेले चहाला येतात?

मग सव्वीस जानेवारीला पाहुण्यांसमोर रॉकेट उडवायचं ठरलं. आदल्या दिवशी ते वाळायला माझ्या घरी होतं. दोन नळ्यांचा सांधा मास्तरांनी नुसता बसवला होता, ओढला की सुटेल असा, आणि त्याच्याजवळ चार भोकं ठेवली होती. मला वाटलं, घाईत राहिलं. जिनं जन्मभर ज्वारीच्या कणग्या लिंपल्या, तिला उघडी फट दिसल्यावर हात थांबतो का? चिकणमाती खळीत कालवली, भोकं बुजवली, सांधा लिंपला, वरून लुगड्याची चिंधी आणि त्यावर कागद. कसं गुळगुळीत झालं! मास्तरांना विचारलं नाही. आणि मास्तर माझ्या हातचं काम कधी तपासत नसत.

दुसऱ्या दिवशी रॉकेट सरळ चढलं. टाळ्या पडल्या. वरची नळी पेटली, पण खालची सुटेना. दोघी एकमेकींना धरून आडव्या झाल्या आणि देवरावांनी गुरांसाठी रचलेल्या कुटाराच्या ढिगावर जाऊन पडल्या. कुटार जळून गेलं. सगळ्यांसमोर मास्तरांना जाब विचारला गेला. ते म्हणाले, "माझं गणित चुकलं." तसं लिहूनही दिलं. मी दहा हातांवर उभी होते. माझी जीभ, जी उभ्या वस्तीला पुरून उरते, ती त्या दिवशी हलली नाही.

तिसऱ्या दिवशी मास्तर आले. रुमालातून जळका सांधा काढून ओट्यावर ठेवला. माती भाजून विटेसारखी झाली होती, आणि तिच्यावर माझा अंगठा उमटलेला. मला सही येते हो. पण अंगठा तो अंगठा.

"हे तुमच्यापाशी राहू द्या," ते म्हणाले.

मी म्हटलं, "चाय मांडू?"

"नको. जेऊन आलो."

त्यानंतर रविवार येतात, मास्तर येत नाहीत. मी म्हणायची, आले की सांगीन. मी न सांगता ते कशाला येतील? नळ्या मात्र मी वळतेच, हाताला सवय आहे. कोनाडा भरला, आता पेटी भरत आली. मास्तर कुंपणापलीकडून जाताना दिसतात. पूर्वी आभाळाकडे पाहत चालायचे, दोनदा नालीत पडले होते. आता खाली पाहून चालतात. पडत नाहीत.

अध्यक्षसाहेब आत्ताच म्हणाले, शिक्षक म्हणजे रॉकेटचा खालचा टप्पा, स्वतः जळतो आणि दुसऱ्याला वर पाठवतो. साहेब, ते खालचे टप्पे मी वावरातून वेचून आणले आहेत. काळे ठिक्कर असतात. त्यांना कोणी हार घालत नाही.

हा घ्या तो सांधा. हातोहात फिरवा, नीट पाहा. मास्तरांचं गणित बरोबर होतं. चूक माझ्या अंगठ्याची, आणि दोन वर्षं चूप बसले ती चूक त्याहून मोठी. उद्यापासून या गावात कोणी "गणित चुकलं" म्हटलं, तर त्यानं आधी माझ्या दारी यावं.

मास्तर, उद्या दुपारच्या मोटारीनं तुम्ही शेंदूरजनाघाटला भावाकडे चालले. नळ्यांची पेटी सोबत न्या. एकाही सांध्याला मी हात लावलेला नाही.

मला बोलू दिलं, सगळ्यांचे उपकार. भाषणात उणंअधिक झालं ते सभेनं पोटात घालावं. सांध्याचं काय करायचं, ते मास्तरांनी एकट्यानं ठरवावं. इथं उत्तर नको. मोटारीकडं जाताना माझा ओटा वाटेतच लागतो. दोन कप मांडून ठेवीन. नाही आलात, तर दोन्ही मीच पिईन. तशी आता सवय आहे.